यंत्राचे कान, यंत्राचे डोळे



बोलणारे यंत्र आपल्याला नवीन नाही. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ तयार केला, तेव्हापासून यंत्रे बोलत आहेत. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या, सिनेमा बोलू लागला, आणि रेडिओ तर घरातल्या बोलक्या माणसासारखाच होऊन बसला. पण एक गोष्ट कधी तुमच्या ध्यानात आली आहे का? ही सारी यंत्रे नुसती बोलतात. ऐकत मात्र नाहीत. मी इथे जे सांगतो आहे त्यातले एक अक्षरही तुमच्या रेडिओला कळत नाही. त्याच्यापुढे उभे राहून तुम्ही म्हणालात, "अरे बाबा, जरा सावकाश सांग की," तरी तो आपला ढिम्मच. तोंड आहे, कान नाहीत, असा त्याचा कारभार.

आता मात्र आपल्या खिशात असे एक यंत्र येऊन बसले आहे की जे ऐकते आणि पाहतेसुद्धा. अक्षरओळख नसलेली आजी स्मार्टफोन तोंडाजवळ धरून म्हणते, "गणपतीची आरती लाव," आणि आरती सुरू होते. शेतकरी पानावर पडलेला डाग फोनला दाखवतो आणि फोन रोगाचे नाव सांगतो. शाळेतला मुलगा इंग्रजी पुस्तकाच्या पानावर फोन धरतो, तर तेच पान मराठीत वाचायला मिळते. हे सारे पाहून माणूस तोंडात बोट घालतो, आणि त्यात काही गैर नाही. मोठी गोष्ट पाहून नवल वाटावे हे जिवंत मनाचे लक्षण आहे. फक्त नवल करून तिथेच थांबू नये, एवढेच. घड्याळ बंद पडले की आपण त्याचे झाकण उघडून आत डोकावतोच ना? तसे आज आपण या यंत्राचे झाकण थोडे उघडून पाहू. ते ऐकते कसे, पाहते कसे, कुठे फसते, आणि या सगळ्यात तुमचे-आमचे काम काय, हे समजून घेऊ.

प्रथम कानाचे पाहू. आपण बोलतो म्हणजे काय करतो? हवा थरथरवतो. फोनच्या कडेला एक बारीकसे छिद्र असते. त्याच्या आत मायक्रोफोन असतो आणि त्यात एक अगदी नाजूक पडदा असतो. आपल्या शब्दांनी हवा थरथरली की तो पडदाही थरथरतो. फोन काय करतो, तर या पडद्याची थरथर मोजत बसतो. किती वेळा मोजतो म्हणाल, तर बोलणे ओळखण्यासाठी साधारणपणे एका सेकंदात १६,००० वेळा! "पाऊस" हा शब्द उच्चारायला अर्धा सेकंद लागला असे धरा. तेवढ्यात ८,००० आकड्यांची माळ तयार झाली. यंत्राच्या हाती पडते ती ही माळ. त्यात पाऊस नाही, ढग नाही, पेरणीची काळजी नाही, नुसते आकडे.

मग या माळेचे लहान लहान तुकडे केले जातात. एकेक तुकडा सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा. प्रत्येक तुकड्यात जाड नाद किती, बारीक नाद किती, याचा हिशेब मांडला जातो. "आ" म्हणताना या नादांची मिसळण एका प्रकारची होते, "ई" म्हणताना दुसऱ्या प्रकारची, आणि "स" म्हणताना तर नुसती सळसळ होते. पावलांच्या ठशांवरून जनावर ओळखावे, तसे या नादांच्या ठशांवरून अक्षर ओळखायचे, अशी ही युक्ती आहे.

ऐकायला सोपी वाटते. पण अडचण पुढेच आहे. एकच शब्द दोन माणसे सारखा उच्चारत नाहीत. इतकेच काय, एकच माणूस तोच शब्द दोनदा सारखा म्हणत नाही. कुणाला पडसे झालेले असते, कुणाच्या तोंडात पान असते, कुणी घाईत असतो. शिवाय लिहिताना आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडतो, बोलताना ती सोडत नाही. "काय करतोस" हे आपण "कायकर्तोस" असे एका दमात बोलून जातो. कानडी न येणाऱ्या माणसाने दोन कानडी माणसांचे बोलणे ऐकले, तर एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे त्याला उमगत नाही. यंत्राची स्थिती सुरुवातीला नेमकी अशी असते. त्याला सगळ्याच भाषा परक्या.

म्हणून या विद्येला फार वर्षे लागली. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५२ साली 'ऑड्री' नावाचे यंत्र तयार झाले. त्याची मांडणी सहा फूट उंच होती, आणि एवढ्या धुडाला ओळखता काय येई? तर शून्य ते नऊ हे दहा आकडे! तेही ज्याच्या आवाजाला ते जुळवून घेतलेले असे, त्या माणसाने प्रत्येक आकड्यानंतर थांबत थांबत म्हटले तरच. १९६२ साली सिएटल येथील जागतिक प्रदर्शनात आयबीएम कंपनीने 'शूबॉक्स' नावाचे यंत्र मांडले. ते १६ शब्द ओळखी आणि तोंडी सांगितलेली बेरीज-वजाबाकी करून दाखवी. १९७६ पर्यंत अमेरिकेतल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठाचे 'हार्पी' हजारावर शब्दांपर्यंत पोचले. दहा आकड्यांपासून हजार शब्दांपर्यंत यायला २४ वर्षे लागली, हे ध्यानात घ्या.

याच सुमारास संशोधकांच्या विचारात एक मोठा पालट झाला. तोवर पुष्कळांचा भर यंत्राला भाषेचे नियम शिकवण्यावर होता. आयबीएममधल्या फ्रेडरिक येलिनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. नियम बाजूला ठेवा, लोक खरोखर काय बोलतात त्याचे ढीगभर नमुने जमवा, आणि कुठल्या शब्दामागून कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजा, असे त्यांचे म्हणणे होते. मोजण्याने काय साधते ते आपल्या मराठीवरूनच पाहू. "दिन" आणि "दीन" हे दोन शब्द बहुतेकांच्या तोंडी अगदी सारखे उमटतात. शिक्षकांनी शुद्धलेखन सांगताना किती मुलांची यावर फसगत होते, हे गुरुजींना आणि बाईंना मी सांगायला नको. यंत्राला कानाने हा फरक कळणे शक्यच नाही. पण "शिक्षक" या शब्दामागून "दिन" हजारदा आलेला त्याने मोजलेला असतो. आणि "दुबळा" हा शब्द जोडीला असला की तिथे "दीन" असतो, हेही त्याने मोजलेले असते. म्हणून ते "शिक्षक दिन" असेच लिहिते. कानाला जे कळले नाही ते शेजारच्या शब्दांवरून ओळखले. आपणही दूरच्या माणसाचे अर्धवट ऐकू आलेले बोलणे असेच पुरे करतो की नाही?

आता डोळ्याकडे वळू. फोनने फोटो काढला म्हणजे त्याने रंगांच्या बारीक ठिपक्यांची एक प्रचंड चौकट भरली. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. बहुधा प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांच्या दरम्यान असतो. म्हणजे डोळ्याच्या बाबतीतही यंत्राच्या हाती शेवटी आकडेच आले. समोर कुत्रा आहे की शेळी, हे त्या आकड्यांत कुठेच लिहिलेले नसते.

मग ओळखायचे कसे? तुम्ही म्हणाल, सांगावे यंत्राला, की चार पाय आणि एक शेपूट असेल तर तो कुत्रा. पण चार पाय म्हशीलाही असतात. कुत्रा बसला की त्याचे पाय दिसत नाहीत, पाठमोरा असला की तोंड दिसत नाही, आणि अंधारात असला तर काहीच धड दिसत नाही. नियम करायला बसावे तर जन्म पुरणार नाही. आपल्या घरातले दोन वर्षांचे मूल मात्र कुत्रा बिनचूक ओळखते. त्याच्या आईने त्याला कधी कुत्र्याची व्याख्या सांगितली होती का? नाही. तिने नुसते बोट दाखवले, "तो बघ भू भू." काळा दाखवला, पांढरा दाखवला, झोपलेला दाखवला. मुलाने एकदा वासरालाच भू भू म्हटले, तेव्हा हसून सांगितले, "नाही रे, तो हम्मा." दाखवणे आणि दुरुस्त करणे, या दोनच गोष्टींनी मूल शिकले. यंत्रही शेवटी याच रीतीने शिकले.

ही रीत समजायला तंबोऱ्याचे उदाहरण घेऊ. तंबोरा जुळवताना गवई तार छेडतो, ऐकतो, बेसूर वाटली तर खुंटी किंचित पिळतो आणि पुन्हा छेडतो. तंबोऱ्याला खुंट्या असतात चार. यंत्रात अशा लाखो, कोटी खुंट्या असतात. त्या लाकडाच्या नसून आकड्यांच्या असतात, एवढाच फरक. यंत्राला कुत्र्याचे चित्र दाखवतात. ते चाचपडत म्हणते, "शेळी." चूक! मग ज्या ज्या खुंटीमुळे चूक झाली ती ती खुंटी, चूक थोडी कमी होईल अशा बाजूला, केसभर पिळली जाते. पुढचे चित्र, पुन्हा चूक, पुन्हा पीळ. असे लाखो वेळा. हे पिळण्याचे काम गणित आपोआप करते. माणूस एकेक खुंटी पिळत बसत नाही. हळूहळू चुका कमी होतात, आणि एक वेळ अशी येते की पूर्वी कधी न दाखवलेला कुत्राही ते ओळखते.

या खुंट्या एकावर एक अशा थरांत मांडलेल्या असतात. पहिल्या थराला फक्त आडव्या, उभ्या, तिरप्या रेघा दिसतात. पुढच्या थराला त्या रेघांपासून झालेले कोपरे आणि गोल दिसतात. त्यापुढच्याला कान, डोळा, नाक असे भाग. थरांची ही कल्पना निसर्गावरून सुचली. ह्यूबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांजराच्या मेंदूवर प्रयोग करून दाखवले होते की मेंदूतल्या काही पेशी ठरावीक दिशेच्या रेघा दिसल्या की जाग्या होतात. त्या कामासाठी त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जपानच्या फुकुशिमा यांनी १९८० साली याच धर्तीचे थरांचे यंत्र मांडले, आणि १९८९ साली यान लकून व त्यांच्या सहकाऱ्यांनी टपालावरचे हाताने लिहिलेले पत्त्याचे आकडे यंत्राकडून वाचून घेतले.

म्हणजे युक्ती जुनीच होती. उणीव होती ती दोन गोष्टींची: पुरेसे नमुने आणि पुरेसा वेगवान संगणक. नमुन्यांचे काम फेई-फेई ली या विदुषीने अंगावर घेतले. २००९ साली त्यांच्या गटाने 'इमेजनेट' नावाचा चित्रसंग्रह जगापुढे ठेवला. पुढे तो १ कोटी ४० लाख चित्रांवर गेला. यातल्या चित्रात काय आहे ते ठरवून त्यावर नाव कुणी घातले? माणसांनी! जगभरच्या हजारो माणसांनी संगणकापुढे बसून चित्रे पाहिली आणि "हा कुत्रा, ही मांजर, ही होडी" असे नोंदवले. २०१२ सालच्या इमेजनेट स्पर्धेत टोरोंटो विद्यापीठाच्या जेफ्री हिंटन यांच्या गटाचे यंत्र उतरले. त्याला सुमारे ६ कोटी खुंट्या होत्या. दुसऱ्या क्रमांकाच्या यंत्राच्या चुका शंभरांत २६, तर याच्या १५ च्या आसपास! तेव्हापासून साऱ्या जगाने ही वाट धरली. हिंटन हे २०२४ सालच्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी आहेत. आवाज ओळखण्यासाठीही हीच रीत लागू पडली, आणि ऑड्रीच्या वेळी जे दहा आकड्यांवर अडले होते ते काम खिशात येऊन बसले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठीची भर घातली. आज बोटांनी टंकणे न जमणारा माणूसही मराठीत नुसते बोलून चिठ्ठी लिहू शकतो.

आता या साऱ्याचा उपयोग काय, तर दोनच उदाहरणे सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०२० च्या जानेवारीत 'मनी' नावाचे एक ॲप काढले. अंध माणसाने नोट फोनसमोर धरावी, आणि फोनने ती किती रुपयांची ते बोलून सांगावे. त्याला इंटरनेटही लागत नाही. बाजारात मोड घेताना ज्याला दुसऱ्याच्या भलेपणावर अवलंबून राहावे लागे, त्याला स्वतःचा हिशेब स्वतः पारखता येऊ लागला. याची किंमत डोळस माणसाला पुरती कळणार नाही.

दुसरे उदाहरण कपाशीचे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात कसा कहर केला ते वऱ्हाड, मराठवाडा आणि खानदेशातल्या शेतकऱ्यांना आठवत असेलच. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. अळी वेळीच कळणे जितके गरजेचे, तितकेच विनाकारण फवारणी न करणेही गरजेचे. त्यासाठी कृषिशास्त्रज्ञ शेतात कामगंध सापळे लावायला सांगतात. सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ किंवा अधिक पतंग अडकले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजायचे. पण सापळ्यात गुलाबी बोंडअळीचेच पतंग किती आणि इतर किती, हे ओळखून मोजणे किचकट असते. मुंबईच्या वाधवानी संस्थेने यासाठी एक ॲप तयार केले. सापळ्यातले पतंग कागदावर पसरून फोटो काढायचा. फोन ते ओळखून मोजतो आणि फवारणीची वेळ आली की नाही ते सांगतो. इथे यंत्राकडे काम सोपवले ते मोजदादीचे, आणि मर्यादा घालून दिली ती शास्त्रज्ञांनी. असा मेळ असला म्हणजे यंत्र खरे उपयोगी पडते.

पण मंडळी, नाण्याला दुसरी बाजू असते. आपण पाहिले की यंत्राच्या हाती आकडे आहेत आणि पिळलेल्या खुंट्या आहेत. त्याला अर्थ कळत नाही. त्याला जी नावे शिकवली त्यांतले सगळ्यांत जवळचे नाव ते सांगते. तुम्ही त्याला न शिकवलेल्या रोगाचे पान दाखवा. "मला हे ठाऊक नाही" असे म्हणण्याऐवजी बहुधा ते दुसऱ्याच रोगाचे नाव सांगून मोकळे होईल, आणि तेही ठासून. पालाशाची उणीव आणि करपा यांत माणसाचाही डोळा चुकतो. तेव्हा फोनने सांगितलेले नाव ही सूचना समजावी, निवाडा समजू नये. औषध आणि त्याचे प्रमाण कृषी अधिकाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच ठरवावे.

सापाच्या बाबतीत तर हा खेळ जिवावर बेततो. मण्यार अत्यंत विषारी आणि कवड्या बिनविषारी. पण दोघांच्या अंगावर पांढुरके पट्टे असतात आणि भल्याभल्यांची गफलत होते. घाईत, अंधारात काढलेल्या फोटोवरून फोन "कवड्या" म्हणाला म्हणून घरी बसून राहाल, तर पस्तावायलाही उरणार नाही. साप चावला की फोटोच्या नादी न लागता तडक सरकारी दवाखाना गाठावा. आपल्याकडे दिली जाणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालते. डॉक्टर लक्षणे पाहून ती देतात; त्यांना सापाच्या फोटोची वाट पाहावी लागत नाही.

आणखी एक सावधगिरी. ज्या विद्येने आवाज ओळखता येतो, त्याच विद्येने आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येते. मुलाच्या आवाजात कुणी फोनवरून घाबऱ्याघुबऱ्या पैसे मागितले, तर फोन ठेवावा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण होऊन फोन करावा. तसेच पुष्कळदा आपले बोलणे आणि फोटो ओळखण्यासाठी दूरच्या संगणकाकडे पाठवले जातात. म्हणून घरातल्या खाजगी गोष्टी यंत्रापुढे बोलताना चारचौघांत बोलतो आहोत असे समजावे.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. यंत्र नमुन्यांवरून शिकते, हे कळले. मग ज्याचे नमुने नाहीत, त्याचे काय? २०१८ साली अमेरिकेत दोन संशोधक स्त्रियांनी चेहरा पाहून पुरुष की स्त्री हे सांगणाऱ्या तीन यंत्रांची परीक्षा घेतली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत यंत्रांची चूक शंभरांत एकाहूनही कमी. काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती जवळजवळ ३५ पर्यंत गेली. २०२० साली पाच मोठ्या कंपन्यांच्या ऐकणाऱ्या यंत्रांची तपासणी झाली. अमेरिकेतल्या गोऱ्या माणसांच्या बोलण्यात शंभरांत १९ शब्द चुकले, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. यंत्राच्या मनात दुजाभाव नव्हता. यंत्राला मनच नसते. त्याला ज्यांचे आवाज आणि चेहरे अधिक मिळाले, त्यांनाच ते अधिक ओळखू लागले.

आपल्याकडेही हेच आहे. पुस्तकी मराठीतले "मला" ते चटकन ओळखते. पण वऱ्हाडातला माणूस "मले" म्हणतो, खानदेशात "माले" म्हणतात, मालवणात "माका" म्हणतात. यांतला एकही चुकीचा नाही. ज्याच्या त्याच्या आईची ती भाषा आहे. पण या बोलींचे नमुने थोडे म्हणून यंत्र अडखळते. मग होते असे की माणूस यंत्राला कळावे म्हणून आपलीच जीभ वळवून बोलू लागतो. हे मला बरे वाटत नाही. यंत्र आपल्यासाठी आहे. त्याने आपली बोली शिकावी.

आणि ते शिकू शकते. मराठीतच याचा एक चांगला प्रयोग झाला आहे. त्याची हकीगत २०२० साली प्रसिद्ध झाली. खेड्यातले लोक, शहरातल्या गरीब वस्तीतले लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा ३६ जणांकडून फोनवर मराठी वाक्ये वाचून घेतली गेली आणि १०९ तासांचे बोलणे जमा झाले. या कामाचा मोबदलाही दिला गेला. खेड्यातल्या माणसाचा आवाज हीसुद्धा यंत्र घडवण्याची सामग्री आहे, ही गोष्ट त्यातून सिद्ध झाली. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या 'भाषिणी' योजनेत 'भाषादान' नावाचा भाग आहे. आपल्या भाषेतली वाक्ये वाचून किंवा ऐकलेली लिहून ती देता येतात. मोझिला संस्थेच्या 'कॉमन व्हॉइस' या उपक्रमातही मराठीला जागा आहे.

शिक्षकांना माझी एक सुचवणी आहे. वर्गात एक दिवस फोनची परीक्षा घ्या. एकच वाक्य निवडा, जसे "आमच्या विहिरीला यंदा पाणी कमी आहे." ते वेगवेगळ्या घरांतल्या पाच मुलांना आपापल्या घरच्या बोलीत फोनपुढे म्हणायला सांगा. फोनने काय लिहिले ते फळ्यावर उतरवा. मग तेच वाक्य खिडकी उघडून, गलक्यात म्हणायला लावा. मग कडुनिंब आणि बकाणनिंब यांची पाने फोनला दाखवा. एकदा उन्हात, एकदा सावलीत. किती वेळा बरोबर, किती वेळा चूक, याचा तक्ता मुलांनाच करू द्या. गुण यंत्राला मिळतील आणि ज्ञान मुलांना. शिवाय ज्या मुलाच्या बोलीला वर्गात हसतात, त्याच्याच बोलीपुढे यंत्र कसे हात टेकते हे साऱ्यांना दिसेल, आणि उणीव यंत्राच्या शिकवणीत आहे, मुलाच्या जिभेत नाही, हेही तुम्हाला समजावून देता येईल.

गावातल्या जाणत्या माणसांनीही यात हात घालावा. जात्यावरचे, मोटेवरचे, बाजारातले कितीतरी शब्द आज फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरले आहेत. नातवाने आजीसमोर फोन धरून तिला बोलते करावे. ते बोलणे आधी घरासाठी जपून ठेवावे, आणि तिची संमती असेल तर पुढे भाषेच्या कामाला द्यावे. उद्याचे यंत्र काय ऐकू शकेल, हे आज त्याला कोण ऐकवतो यावर ठरणार आहे. मुंबई-पुण्याचेच आवाज त्याच्या कानी पडले, तर ते मुंबई-पुण्याचेच राहील. आपण बोललो, तर ते आपलेही होईल.